पाव टक्क्याचा न्याय

अमेरिकेतील छोट्या पक्षांच्या उमेदवारांना प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव छापून येण्यासाठी ज्या सह्या गोळा कराव्या लागतात, त्यांविषयी तक्रार करण्यास जागा नाही, कारण नियम सर्वांना सारखाच आहे, असे प्रतिपादन तिथली राज्य सरकारे, अनेक न्यायालये आणि काही अभ्यासकही दीर्घकाळ करीत आले आहेत. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला जो टक्का लागतो तोच छोट्या पक्षाच्या उमेदवाराला लागतो आणि ज्याला तेवढ्याही सह्या मिळत नाहीत त्याच्यामागे लोक नाहीत, एवढाच त्याचा अर्थ, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकायला इतका सरळ वाटतो की टक्का कशाचा काढला, हा प्रश्न विचारण्याचे बहुधा राहूनच जाते. अ‍ॅरिझोना राज्याने २०१५ मध्ये केलेला कायदा आणि २०१९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यावर उमटवलेली मोहोर पाहिली, तर टक्का तोच किंवा त्याहून कमी ठेवूनही एखाद्या पक्षावरील ओझे वीसपटीहून अधिक कसे वाढवता येते, हे लक्षात येते.

मराठी वाचकासाठी प्रायमरी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म ज्याच्या हाती पडतो तो अधिकृत उमेदवार होतो. पक्षाने हा निर्णय कसा घेतला, याच्याशी निवडणूक आयोगाला कर्तव्य नसते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी, पक्षांच्या बंद खोल्यांतील सौदेबाजीला कंटाळून, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी ही निवड पक्षनेत्यांच्या हातून काढून मतदारांच्या हाती दिली. मुख्य निवडणुकीच्या आधी काही महिने सरकारच एक मतदान घेते आणि त्यात प्रत्येक पक्षाचे मतदार आपापल्या पक्षाचा उमेदवार निवडतात. त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. मतदारयादीत नाव नोंदवताना बऱ्याच राज्यांत मतदार आपला पक्षही नोंदवतो किंवा कोणताच पक्ष न नोंदवता अपक्ष राहतो. प्रायमरीत मत देण्याचा अधिकार फक्त त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांना असेल तर ती बंदिस्त प्रायमरी, आणि अपक्षांनाही असेल तर ती अर्धखुली प्रायमरी होय.

म्हणजे छोट्या पक्षाच्या उमेदवाराला दोन उंबरे ओलांडावे लागतात. पहिला उंबरा पक्षाचा असतो, कारण राज्याने त्या पक्षाला मतपत्रिकेवर जागा असलेला पक्ष म्हणून मानले पाहिजे. अ‍ॅरिझोनात ही मान्यता टिकवण्यासाठी पक्षाला राज्यव्यापी निवडणुकीत पाच टक्के मते तरी लागतात किंवा राज्यातील एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी दोन-तृतीयांश टक्का मतदार आपल्या नावावर नोंदवलेले दाखवावे लागतात. व्यक्तिस्वातंत्र्य आणि सरकारचा किमान हस्तक्षेप हा ज्याचा कार्यक्रम आहे, त्या लिबर्टेरियन पक्षाने ही अट नोंदणीच्या बळावर पूर्ण केली होती. दुसरा उंबरा व्यक्तीचा आहे. मान्य पक्षाच्या प्रायमरीत ज्याला उतरायचे आहे, त्याने विहित संख्येइतक्या मतदारांच्या सह्यांचे अर्ज दाखल करावे लागतात. सारा वाद या दुसऱ्या उंबऱ्याविषयी आहे आणि तो समजायला थोडे आकडे हाताशी घ्यावे लागतात.

२०१५ पूर्वी राज्यव्यापी पदासाठी, उदाहरणार्थ अमेरिकेच्या सिनेटच्या जागेसाठी, उमेदवाराला स्वतःच्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या अर्धा टक्का इतक्या सह्या लागत. नव्या कायद्याने टक्का निम्म्यावर आणला, म्हणजे पाव टक्का केला. पण तो ज्या संख्येवर काढायचा ती संख्या बदलली. पक्षाच्या मतदारांच्या जागी ‘पात्र सहीकर्ते’ हा नवा पाया आला आणि त्यात पक्षाच्या मतदारांबरोबर राज्यातील सगळे अपक्ष मतदार, तसेच मान्यता नसलेल्या पक्षांचे मतदारही मोजले जाऊ लागले. हिशोबाच्या सोयीसाठी त्या काळातील याद्यांच्या आसपासच्या गोल संख्या घेऊ. लिबर्टेरियन मतदार २५ हजार आणि अपक्ष १२ लाख धरले, तर जुन्या नियमाने १२५ सह्या पुरत होत्या आणि नव्या नियमाने तीन हजारांहून अधिक लागू लागल्या. रिपब्लिकन मतदार ११ लाख धरले, तर त्यांच्या उमेदवाराला आधी ५,५०० सह्या लागत होत्या, त्या आता ५,७५० झाल्या. एका पक्षावरचा भार शेकडा पाचाच्या आत वाढला आणि दुसऱ्यावरचा चोवीसपट झाला, तरी कायद्याच्या पानावर दोघांसाठी छापलेला आकडा एकच आहे. या कायद्याने सह्यांची अट ‘सौम्य’ केली, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा.

कायद्याचा हेतू काय होता, याविषयी तर्क लढवण्याचीही गरज उरलेली नाही. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातील प्रतिनिधीगृहाच्या पहिल्या व नवव्या मतदारसंघांत डेमोक्रॅटिक उमेदवार निम्म्याहून कमी मते घेऊन विजयी झाले आणि दोन्ही ठिकाणी लिबर्टेरियन उमेदवाराला पडलेली सहा टक्क्यांहून अधिक मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळात विधेयकावर चर्चा चालू असताना, ही अट आधीच असती तर गेल्या निवडणुकीतील एक-दोन जागांचा निकाल आपल्याला हवा तसा लागला असता, हे त्या बाजूच्या एका सदस्याने सभागृहातच बोलून दाखवले. एवढ्या प्रांजळपणाबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. मते खाल्ली, ही तक्रार महाराष्ट्रातील वाचकालाही प्रत्येक निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऐकू येते. पण त्या तक्रारीत एक गृहीतक दडलेले असते, ते असे की ती मते मुळात आपलीच होती. लिबर्टेरियन उमेदवार नसता तर त्याचे सगळे मतदार रिपब्लिकनांकडेच गेले असते, घरी बसले नसते किंवा डेमोक्रॅटांकडेही वळले नसते, हे कोणी सिद्ध केलेले नाही. आणि सिद्ध झाले तरी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्जावर अट चढवून मतदारांची निवड आधीच आटोपण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा अर्थातच वेगळा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कायद्याने पाया वाढवला तशी सही करू शकणाऱ्यांची संख्याही वाढवली, असा तो मुद्दा आहे. लिबर्टेरियन उमेदवाराने तीन हजार सह्या पंचवीस हजारांतून आणाव्यात असे कायदा म्हणत नाही. सव्वाबारा लाखांतून आणाव्यात असे म्हणतो, आणि सव्वाबारा लाखांपैकी पाव टक्का म्हणजे चारशे जणांमागे एक. पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या नवव्या संघीय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे आव्हान फेटाळताना हेच गणित मान्य केले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले नाही.

हे गणित कागदावर बरोबर आहे. मात्र सह्यांचा फॉर्म कागदावर भरला जात नाही. तो फीनिक्स शहरात एखाद्या वाचनालयाच्या किंवा बाजाराच्या दारात, उन्हात, हातात फळी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला भरून घ्यावा लागतो. त्याच्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याने आधी विचारायचे असते की आपण मतदार आहात का, आणि लगेच दुसरे की आपली नोंदणी कोणत्या पक्षात आहे. समोरचा रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट निघाला तर त्याची इच्छा असूनही सही चालत नाही, आणि या दोन पक्षांचे मतदार मिळून राज्यात निम्म्याहून खूप अधिक आहेत. उरलेले जवळजवळ सगळे अपक्ष असतात. स्वतः लिबर्टेरियन असा मतदार शंभरात एकही सापडत नाही. म्हणजे स्वयंसेवकाने ज्याला थांबवले आहे, त्याला सांगायचे असते ते असे: ज्या पक्षात आपण नाही, त्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत, जिथे आपल्याला मत देता येणार नाही, तिथे उभ्या राहू पाहणाऱ्या एका माणसासाठी आपले नाव, पत्ता आणि सही द्यावी. सही संगणकावरून देण्याची सोय राज्याने केली आहे हे खरे. पण अनोळखी माणसाला पटवण्याचे काम कोणतेही संकेतस्थळ करून देत नाही. रिपब्लिकन उमेदवाराला अपक्षांच्या सह्यांची गरज नसते, कारण त्याचे अकरा लाख सहमतदार राज्यभर पसरलेले असतात. अपक्षांकडे जाण्याचे ‘स्वातंत्र्य’ त्याला ऐच्छिक आणि लिबर्टेरियनाला सक्तीचे, असा हा समान नियम आहे.

अपक्षांना त्या प्रायमरीत मत का नाही, याचे उत्तर प्रतिपक्ष मोठ्या उत्साहाने देतो: कारण लिबर्टेरियन पक्षानेच आपली प्रायमरी बंदिस्त ठेवली आहे, दार स्वतः लावून घ्यायचे आणि बाहेरचे लोक आत येत नाहीत म्हणून रडायचे, हे कसे चालेल, असा त्यांचा सवाल आहे. वरवर बिनतोड वाटणारा हा सवाल सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालापुढे टिकत नाही. कोणत्याही पक्षाच्या मतदाराला कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला मत देण्याची मुभा देणारी कॅलिफोर्नियाची सरसकट प्रायमरी २००० साली त्या न्यायालयाने रद्द केली, ती याच आधारावर की पक्षाचा उमेदवार पक्षाबाहेरच्यांनी निवडावा अशी सक्ती करणे म्हणजे संघटनस्वातंत्र्यावर घाला घालणे होय. ज्या हक्काला घटनेचे संरक्षण आहे तो वापरला म्हणून मतपत्रिकेवरच्या जागेची किंमत वाढवली जात असेल, तर त्या हक्काला हक्क म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही. पंचवीस हजारांच्या पक्षाने बारा लाख अपक्षांना प्रायमरी खुली केली, तर त्याचा उमेदवार त्याचे सदस्य निवडणारच नाहीत, हे उघड आहे. मोठ्या पक्षाला अशी भीती बाळगण्याचे कारण पडत नाही.

आता ‘किमान पाठिंब्या’चा सिद्धांत पाहू, कारण या विषयावरील जवळजवळ प्रत्येक निकाल शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतो. १९७१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव छापण्याआधी उमेदवाराने बऱ्यापैकी पाठिंबा दाखवावा, अशी अपेक्षा राज्याने ठेवणे रास्त आहे. हा सिद्धांत मोडीत काढण्याची गरज नाही. परंतु जॉर्जियातील पाच टक्के सह्या प्रायमरीऐवजी होत्या. ज्यांनी त्या आणल्या ते थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जात. १९८६ च्या वॉशिंग्टन राज्याच्या खटल्यात तर चाळणी प्रायमरीतच लावलेली होती: छोट्या पक्षाच्या उमेदवाराला पुढे जाण्यासाठी प्रायमरीत एक टक्का मते हवीत, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, पण त्याचे मुख्य कारण असे दिले की प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येणे तिथे अत्यंत सोपे होते आणि त्या प्रायमरीत राज्यातील सगळ्या मतदारांना मत देता येत होते. अ‍ॅरिझोनाच्या समर्थनार्थ हे दोन्ही निकाल पुढे केले जातात तेव्हा त्यांचा अर्धाच भाग सांगितला जातो. जिथे प्रायमरीचे दार सताड उघडे होते तिथे पुढची चाळणी क्षम्य मानली गेली; त्या निकालाच्या आधारे दारच अरुंद करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय अ‍ॅरिझोनात पक्षाने किमान पाठिंबा पहिल्या उंबऱ्यावरच सिद्ध केलेला असतो. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्या पक्षाला प्रत्येक पदासाठी एकच ओळ मिळणार, हे तेव्हाच ठरलेले असते; त्या ओळीत कोणाचे नाव असावे, एवढाच प्रश्न प्रायमरीपुढे असतो आणि त्याचे उत्तर त्या पंचवीस हजारांनी द्यायचे आहे. त्यांच्यापैकी सव्वाशे जणांचा पाठिंबा असलेला माणूस त्या प्रश्नापुरता पुरेसा गंभीर उमेदवार आहे.

हस्तलिखित मतांचा मार्ग उरतोच, असेही सांगितले जाते. मतपत्रिकेवर नाव नसलेल्या इच्छुकाचे नाव मतदाराने कोऱ्या जागेत स्वहस्ते लिहायचे, अशी ही अमेरिकी पद्धत आहे. पण जुन्या मान्य पक्षाच्या प्रायमरीत अशा उमेदवाराला विजयी ठरण्यासाठी, जितक्या सह्या लागल्या असत्या तितकीच मते मिळवावी लागतात, मग त्याच्यासमोर दुसरा कोणी नसला तरीही. बंदिस्त प्रायमरीला पंचवीस हजारांतले जे थोडे येतील, त्यांतून नाव लिहून दिलेली तीन हजार मते काढायची, ही अपेक्षा करणाऱ्याने प्रायमरीचे मतदान कधी पाहिलेले नसावे. याउलट नव्याने मान्यता मिळवलेल्या पक्षासाठी वाट सौम्य आहे, तिथे सर्वाधिक मते पुरतात. परिणामी २०१६ मध्ये सिनेटच्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ग्रीन पक्षाचा उमेदवार छापला गेला आणि नोंदणीने त्याच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या लिबर्टेरियन पक्षाचा उमेदवार नव्हता. ‘पाठिंबा नाही म्हणून जागा नाही’ हे सूत्र इथे त्याच्याच हिशोबाने उलटे पडते.

नावांच्या गर्दीने मतदार गोंधळतात, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यांश आहे, हे बेळगावच्या मराठी मतदारांना सांगावे लागत नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आवाहनावरून तिथे उमेदवारी अर्जांचा पाऊस पडला आणि ४५६ उमेदवार असलेली मतपत्रिका काढावी लागली. त्यानंतर भारताने लोकसभेची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजार रुपये केली, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक तर इतरांना दहा सूचक, असा भेदही केला. हा भेद वादातीत आहे असे नाही. पण त्या दहा सूचकांनी मतदारसंघातले मतदार असावे एवढीच अट आहे, त्यांचा पक्ष कोणी विचारत नाही. अमेरिकेतच पाहायचे तर, कॅलिफोर्नियात २००३ साली राज्यपालाला परत बोलावण्याच्या निवडणुकीत अवघ्या ६५ सह्या आणि साडेतीन हजार डॉलर एवढ्यावर १३५ नावे मतपत्रिकेवर आली, तरीही मतदारांनी अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना ४८ टक्क्यांहून अधिक मते दिली. गोंधळलेला मतदारसंघ इतक्या एकवटलेल्या पद्धतीने मत देत नाही. ओहायोच्या १९६८ च्या खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी आठ उमेदवारांनी गोंधळ होत नाही असे नमूद केले होते. लिबर्टेरियन प्रायमरीत एका पदासाठी आठ जण कधी उभे राहिले, तर पक्षाचे पुढारी पेढे वाटतील.

कॅलिफोर्नियाने २०१० च्या सार्वमतानंतर दुसरीच वाट धरली आणि तिचे कौतुक करणारे तिला या सगळ्या वादावरचा तोडगा मानतात. तिथे राज्य व संसदेच्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात, सगळे मतदार मत देतात आणि पहिले दोन, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरच्या निवडणुकीत जातात. प्रायमरीत उतरणे खरोखर कठीण नाही. शुल्क भरावे किंवा त्याबदली सह्या द्याव्यात. मात्र याच बदलात छोट्या पक्षांच्या उमेदवारांना शुल्काऐवजी दीडशेच सह्यांवर भागवण्याची जी जुनी सवलत होती ती गेली, आणि त्यांनाही मोठ्यांइतक्याच, हजारोंच्या घरातल्या सह्या लागू झाल्या. नोव्हेंबरमध्ये हस्तलिखित मतेही बंद झाली. छोट्या पक्षांनी दाद मागितली तेव्हा राज्याच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की प्रायमरी हीच निवडणुकीची खरी पायरी आहे आणि तिच्यात प्रवेश मिळाला म्हणजे हक्क पुरा झाला. या पद्धतीत छोट्या पक्षाचा उमेदवार नोव्हेंबरपर्यंत पोचतो तो बहुधा समोर कोणी उभेच नसते तेव्हा: २०१८ मध्ये ओकलंडच्या मतदारसंघात बार्बरा ली यांचे एकटीचेच नाव छापलेले होते, म्हणून ग्रीन पक्षाच्या लॉरा वेल्स काही शे हस्तलिखित मतांवर दुसऱ्या आल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना अकरा टक्क्यांहून अधिक मते मिळाली. प्रायमरीतील शेकड्यांवरून त्या नोव्हेंबरमध्ये हजारोंवर गेल्या, यावरून प्रायमरीतला पाठिंबा हे लोकमताचे किती तोकडे माप आहे, तेही समजते.

दोन राज्यांचे समर्थन शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यांत भरते. कॅलिफोर्नियात प्रायमरी हीच खरी निवडणूक, म्हणून नोव्हेंबरचे दार बंद केले तरी चालते. अ‍ॅरिझोनात प्रायमरी ही केवळ नोव्हेंबरची पूर्वतयारी, म्हणून तिच्या दारावर नोव्हेंबरच्या मापाने पहारा बसवला तरी चालतो. तत्त्व कोणतेही घेतले तरी उत्तर छोट्या पक्षाच्या विरुद्धच येते, आणि जे नियम ठरवतात त्यांना त्याची अडचण कधी होत नाही, कारण दोन्ही राज्यांत ते दोन मोठ्या पक्षांपैकीच कोणी असतात. न्यायालयांनी अशा कायद्यांकडे पाहताना विधिमंडळाविषयी दाखवायचा नेहमीचा आदर थोडा आवरता घ्यायला हवा. रस्ते किंवा करांच्या कायद्यात विधिमंडळ त्रयस्थ असते, मतपत्रिकेच्या कायद्यात ते स्वतःच पक्षकार असते.

अ‍ॅरिझोनापुरता उपाय मोठा नाही. सह्यांचा टक्का पुन्हा उमेदवाराच्या स्वतःच्या पक्षाच्या नोंदणीवर काढावा, अपक्षांना सही करण्याची मुभा ठेवायची तर ठेवावी पण त्यांना पायात मोजू नये, आणि हस्तलिखित मतांसाठी नव्या पक्षांना लागू असलेलाच नियम जुन्या छोट्या पक्षांनाही लावावा. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही, सार्वमत लागत नाही. २०१५ चा कायदा विधिमंडळाने साध्या बहुमताने केला होता आणि तेवढ्याच बहुमताने तो बदलता येतो.